पीक बदललं, शेजारी बदलले



गेल्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, कर्जाचे हप्ते जमा झाले आणि मग बोलणं बिबट्यावर आलं. एका ताईंची शेळी रात्री गोठ्यातून गेली होती. शेळी गटाच्या कर्जातून घेतलेली. ताई म्हणाल्या, "शेळी गेली, पण हप्ता काही जात नाही." सगळ्या गप्प झाल्या. मग दुसऱ्या एकीनं विचारलं, "जंगल तिकडं घाटात. मग हे वाघरू आमच्या उसात कशाला येऊन बसलंय?"

कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळंला वाघराचं भ्या न्हवतं. लांडगं होतं. मेंढरं न्यायचं. आता लांडगा कुठं दिसतोय?"

ताईंचा प्रश्न आणि आजींचं उत्तर, या दोन्हींत मिळून या महिन्याचा आपला अभ्यासाचा विषय आहे: शेती बदलली की भोवतालचं रान कसं बदलतं, आणि रान बदललं की त्यात राहणारी जनावरं-पाखरं कशी बदलतात. नेहमीप्रमाणे बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

रान म्हणजे फक्त झाडी नव्हे

रान म्हटलं की आपल्याला दाट झाडी आठवते. पण आपल्या पठारी भागातलं मूळ रान म्हणजे माळ. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर पिवळं पडणारं गवत. मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर, तरवड. सरकारी कागदावर अशा जमिनीला बऱ्याचदा 'पडीक' म्हणतात. म्हणजे जणू तिथं काहीच नाही! पण या पडीक माळावर केवढं तरी जगत होतं. लांडगा, खोकड, तरस, ससा, काळवीट, चिंकारा. जमिनीवरच घरटं करणारे चंडोल, तितर, लावे. आणि माळढोक नावाचा भला मोठा पक्षी, ज्याच्या नराचं वजन १५ किलोपर्यंत भरतं.

या माळाच्या कडेनं शेती होतीच. खरिपात बाजरी, मटकी, हुलगा. रब्बीत ज्वारी. पण ही पिकं तीन-चार-पाच महिन्यांची. पीक निघालं की शेत मोकळं. मग त्यात धनगर मेंढरं बसवायचे, शेताला लेंडीखत मिळायचं, धनगराला धान्य मिळायचं. मेंढरांच्या मागं लांडगा असायचा. एखाददुसरं कोकरू न्यायचा, धनगर शिव्या द्यायचा, काठी घेऊन धावायचा, पण दोघंही त्याच माळावर राहायचे. शेत आणि माळ यांच्यात भिंत नव्हती. वर्षातले काही महिने शेत माणसाचं, उरलेले महिने सगळ्यांचं.

कालवा आला

मग पाणी आलं. आपल्या बाजूला कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालवे जुन्नर-आंबेगावातून निघून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत गेले. तिकडं भीमेवर उजनी धरण झालं. विहिरींना पाणी राहू लागलं. बाजरीच्या जागी ऊस आला, कांदा आला, द्राक्षं आणि डाळिंब आली.

यात वाईट काही नाही, हे आधी स्वच्छ सांगू. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका आपल्याच घरात आहेत. उसाच्या पैशावर पक्की घरं झाली, मुली कॉलेजात गेल्या. पाण्यासाठी मैल मैल चालणं थांबलं. कुणी शहरातून येऊन म्हणेल की ऊस लावू नका, तर आपण त्याला आधी आपली जुनी वर्षं सांगू.

पण गटाच्या वहीत आपण जमेच्या बाजूला लिहितो तसं खर्चाच्या बाजूलाही लिहितो. शेतीचाही तसा जमाखर्च लिहायला पाहिजे. पाणी आल्यावर रानात काय गेलं, काय आलं?

कोण गेलं

सगळ्यात मोठं उदाहरण सोलापूरच्या माळढोकाचं आहे. हा पक्षी उघड्या माळावर, जमिनीवरच अंडं घालतो. तेही एका वेळी बहुधा एकच. टोळ, नाकतोडे, भुंगे, सरडे, गवताचं बी हे त्याचं खाणं. त्याला लांबवर दिसणारी मोकळी जागा लागते. ऊस किंवा द्राक्षाच्या मांडवात तो राहू शकत नाही. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. नान्नजचं माळढोक अभयारण्य ते हेच. क्षेत्र कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात माणसांची गावंच्या गावं आणि हजारो शेतं आली. लोकांना जमीन विकता येईना, विहीर काढता येईना, म्हणून रागही खूप झाला. पुढं ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळ मोडून बागायत झाली होती. शिकार आणि विजेच्या तारांना धडकून होणारे मृत्यू हीही कारणं होतीच. आज सगळ्या भारतात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरलेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. आपल्या महाराष्ट्रात तो जवळजवळ संपला.

लांडग्याचंही तसंच. मेंढरं बसवायला मोकळं शेत राहिलं नाही, गवताचा माळ राहिला नाही. काळवीट आणि चिंकारा छोट्या तुकड्यांत उरले. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा गवतावर कळप कसा भागणार? मग काळवीट शेजारच्या पिकात शिरतात आणि शेतकऱ्याला वाटतं, हे आपल्या शेतात घुसले. काळवीट मात्र जुन्याच वाटेनं चाललेलं असतं.

कोण आलं

आता ताईंच्या प्रश्नाकडं वळू. बिबट्या उसात का आला?

बिबट्याला तीन गोष्टी लागतात: लपायला जागा, प्यायला पाणी आणि खायला भक्ष्य. त्याला साग-शिसवच लागतं असं नाही. बाजरीचं शेत तीन महिन्यांत मोकळं होतं, तिथं तो राहू शकत नाही. ऊस मात्र पाहा. सुरू ऊस १२ महिने उभा असतो, आडसाली १६ ते १८ महिने. तो तुटला की शेजारी खोडवा उभा. आत गारवा, आत माणूस सहसा शिरत नाही, पाटाला पाणी. बिबट्याची मादी साधारण तीन-सव्वातीन महिन्यांत विते, दोन-तीन पिल्लं होतात. म्हणजे एका उसात ती गाभण राहू शकते, विऊ शकते आणि पिल्लं हिंडती-फिरती करू शकते. जे पिल्लू उसातच जन्मलं, त्याचं माहेरच ऊस.

आणि भक्ष्य? पुणे जिल्ह्याच्या हद्दीला लागून नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला अकोले तालुका आहे. तिथल्या शेतीच्या खोऱ्यात विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून अभ्यास केला. भर वस्तीच्या, भर शेतीच्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे राहत होते, आणि तरसंही होती. बिबट्यांच्या विष्ठेवरून ते काय खातात हेही तपासलं. वजनाच्या हिशोबानं त्यांच्या खाण्यातलं ८७ टक्के खाणं पाळीव किंवा गावातल्या जनावरांचं होतं. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. आपल्याला वाटतं तो शेळीसाठी येतो. शेळी तर नेतोच, पण त्याचं मोठं पोट भरतं ते गावातल्या मोकाट कुत्र्यांवर.

मग कुत्री एवढी का वाढली? इथं गिधाडांची गोष्ट येते. पूर्वी गाय-बैल मेलं की गावाबाहेर टाकायचे आणि गिधाडं दिवसाभरात हाडं उघडी करायची. १९९०च्या सुमारास जनावरांना ताप-सूज-दुखण्यावर डायक्लोफिनॅक हे औषध सर्रास देऊ लागले. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होऊन ते मरायचं. थोड्या वर्षांत देशातली ९० टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. गिधाडं गेल्यावर मेलेली ढोरं कुत्र्यांच्या वाट्याला आली आणि कुत्री वाढली, असं अभ्यासक सांगतात. कुठं जनावराला टोचलेलं औषध आणि कुठं बिबट्या, पण धागा जोडलेला आहे.

उसात एकटा बिबट्याच आला असं नाही. रानडुकरं आली, कोल्हा राहिला, रानमांजर राहिलं. मांजरापेक्षाही लहान असणारी वाघाटी राहिली. तिची पिल्लं तोडीत सापडली की लोक बिबट्याची समजून उचलतात. उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी येऊ लागले, ते पाहायला लांबून माणसं येतात. म्हणजे शेती आणि पाणी बदललं म्हणून रान 'संपलं' असं झालं नाही. रानातले शेजारी बदलले. मोकळ्या माळाचे गेले आणि दाट पिकाचे, पाण्याचे आले. कोण जाणार आणि कोण येणार हे बरंचसं आपण काय पेरतो यावर ठरलं. पेरताना मात्र तसा विचार कुणीच केला नव्हता.

पकडून नेला की सुटलं का?

बिबट्या दिसला की पहिली मागणी होते, पिंजरा लावा. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडावाच लागतो, त्यात दुमत नाही. पण दिसला तो प्रत्येक बिबट्या उचलून दुसरीकडं सोडला तर काय होतं, हे आपल्याच भागात पाहून झालं आहे. २००१ नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम झाली. त्याआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेनंतर ती सरासरी १७ वर गेली. जिथं नेऊन सोडलं तिथंही हल्ले होऊ लागले.

असं का व्हावं? जागेची माहिती असलेला, माणसाला चुकवून राहणारा जुना बिबट्या गेला की ती जागा रिकामी राहत नाही. ऊस आणि कुत्री तिथंच आहेत, म्हणून दुसरा येतो. आणि परक्या जागी सोडलेलं जनावर बिथरतं, घर शोधत हिंडतं. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर इथं विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. तो घाट उतरून रेल्वेमार्ग, महामार्ग, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत त्यानं माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. त्याच्यावर पुढं मराठी सिनेमाही निघाला.

सांगायचं एवढंच की पिंजरा लागेल तिथं लावा, पण फक्त पिंजऱ्यावर अवलंबून राहू नका. त्याला आपल्या दाराशी आणणाऱ्या गोष्टींपैकी काही तरी आपल्या हातात आहेत.

बांधावरचं रान

जनावर मोठं असलं की बातमी होते. छोट्यांची होत नाही. आठवून पाहा, बांधावर पूर्वी काय काय मिळायचं? पाथरी, तांदुळजा, कुर्डू, घोळ, आघाडा. लेकरांना बोरं. तणनाशक मारल्यापासून बांध पिवळे पडले आणि भाजी विकत आली. बांधावरची झाडं-झुडपं ही माळाची उरलेली शेवटची चिंधी आहे. तिथं मुंगूस राहतं, तितर अंडी घालतो, मधमाशी पोळं करते. कांद्याचं बी धरायला माशी लागतेच, डाळिंबाला फळ लागायलाही तिची मदत होते.

गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतं. आपण ते अपशकुनी म्हणून हुसकावतो आणि मग उंदराला विष विकत आणतो. कोतवाल आणि साळुंकी हरभऱ्यातली घाटेअळी वेचतात. कृषी विभागही हरभऱ्यात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे लावायला सांगतो, ते याचसाठी. दोन काठ्या आणि सुतळी, एवढाच खर्च. नाहीतर पेरतानाच हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकली की ताटावर पाखरू बसतं.

आपण काय करू शकतो

*घरी आणि गोठ्यात*

१. शेळ्या-वासरं रात्री चहूबाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या गोठ्यात बांधा. नुसती पत्र्याची आडभिंत पुरत नाही. वरून जाळी हवी. शेळीसाठी गटातून कर्ज देताना जाळीचा खर्च त्याच कर्जात धरा.

२. कोंबडीची आतडी-पिसं, शिळं अन्न घराजवळ टाकू नका. त्यावर कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागं बिबट्या.

३. उन्हाळ्यातही अंगणात उघड्यावर झोपू नका. अंधारात परसाकडं एकटीनं जाऊ नका. लेकरांना संध्याकाळनंतर घराच्या आतच ठेवा.

४. जनावर आजारी पडलं तर पशुसखीला किंवा डॉक्टरांना विचारा, "यात डायक्लोफिनॅक नाही ना?" त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध आहे.

*शेतात*

५. खुरपणीला, गवताला एकटीनं जाऊ नका. वाकलेली किंवा बसलेली बाई आणि लहान मूल बिबट्याला छोट्या जनावरासारखं दिसतं. बोलत, आवाज करत कामाला लागा. उसाला लागून काम असेल तर एकीनं उभं राहून लक्ष ठेवावं.

६. ऊसतोड एका बाजूनं सुरू करा. चारी बाजूंनी वेढलं तर आतल्या जनावराला निघायला वाट राहत नाही आणि ते अंगावर येतं. तोडकरी ताईंची लेकरं फडाच्या कडेला झोळीत असतात. त्यांच्याजवळ एक मोठं माणूस बसवण्याचं बोलणं मुकादमाशी आधीच करा.

७. पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटो काढायला गर्दी करू नका. तोड थांबवा आणि वनविभागाला कळवा. हेल्पलाइनचा नंबर १९२६. पिल्लं संध्याकाळी त्याच जागी ठेवली की बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. जुन्नर भागात अशी कितीतरी पिल्लं आईकडं परत गेली आहेत. पिल्लं हलवली तर मात्र आई ती शोधत वस्तीभोवती घिरट्या घालते.

८. बिबट्या समोर आलाच तर पळू नका, खाली बसू नका. लेकराला उचलून घ्या, ताठ उभ्या राहा, हात वर करा, ओरडा. पाठ न दाखवता हळूहळू मागं सरका.

९. बांधाचा एक तरी भाग तणनाशकाशिवाय ठेवा. तिथं बोर, लिंब, तरवड वाढू द्या.

*ग्रामसंघात*

१०. शेळी-वासरू मारलं गेलं तर मेलेलं जनावर हलवू नका. त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, फोटो काढा, पंचनामा करून घ्या. शेळीच्या कानात बिल्ला असेल तर ओळख पटवणं सोपं जातं. ग्रामसंघानं एक ताई या कामासाठी नेमावी. अर्ज राहून गेला म्हणून भरपाई बुडाली, असं पुन्हा होऊ नये.

११. शेतीला वीज रात्री येते म्हणून माणसं अंधारात पाणी धरायला उसात जातात. दिवसा वीज द्यावी, हा ठराव महिला ग्रामसभेत मांडा. हा विजेचा प्रश्न आहे तसाच जिवाचाही आहे.

१२. गावात गायरान किंवा माळ उरला असेल तर त्याच्याकडं 'पडीक' म्हणून पाहू नका. तिथं कुणाच्या गाई-शेळ्या चरतात, कोणती भाजी मिळते, कोणते पक्षी दिसतात, याची नोंद करा. अशी नोंद हाताशी असली तर उद्या त्या जागेचा निर्णय घेताना आपल्याला बोलता येईल.

बैठकीत चर्चेसाठी

• गटातल्या सगळ्यात वयस्क ताईंना विचारा: त्यांचं लग्न होऊन त्या गावात आल्या तेव्हा कोणती पिकं होती? कोणती जनावरं, कोणती पाखरं दिसायची? वहीच्या पानावर दोन रकाने करा, 'तेव्हा' आणि 'आता'.

• 'आता'च्या रकान्यात नवीन कोण आलं? ते कोणत्या पिकामुळं किंवा पाण्यामुळं आलं असेल?

• 'तेव्हा'च्या रकान्यातलं असं काय आहे, जे थोड्या कष्टात परत येऊ शकेल?

• आपल्या वाडीवर रात्री सगळ्यात जास्त कुत्री कुठं जमतात? का?

• या महिन्यात गट मिळून वरच्या यादीतली कोणती एक गोष्ट करेल? ती ठराव म्हणून लिहा.

तुमची 'तेव्हा आणि आता'ची पानं प्रभाग संघाच्या कार्यालयात द्या. सगळ्या गावांची पानं जोडून आपल्या भागातल्या रानाची वही तयार करू. आणि हो, ज्या ताईंची शेळी गेली त्यांचा पंचनामा झाला आहे, अर्ज दिला आहे. गटानं त्यांचे दोन हप्ते पुढं ढकलले. नवीन शेळी घेण्याआधी गोठ्याला वरून जाळी बसवायची, हे त्यांनी स्वतःच बैठकीत सांगितलं.